मनगटावरची टकटक

पावसाळा सरत आला होता. संध्याकाळी घोडबंदर रोडनं स्कूटरवरून घरी चाललो होतो, वेग असेल चाळीसच्या आसपास. डाव्या मनगटावर घड्याळ थरथरलं. हात उचलून बघितलं तर आईचा मेसेज : ‘पोचलास का?’ मान वर केली तेव्हा पुढच्या टेम्पोचे लाल दिवे नाकासमोर. उजव्या हाताचा ब्रेक करकचून दाबला, चाकाखाली रेती आली आणि स्कूटर आडवी. पँट फाटली, गुडघा सोलवटून निघाला. मागून काही मोठं येत नव्हतं म्हणून निभावलं.

घरी गुडघ्याला औषध लावताना एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. माझी स्कूटर ११० सीसीची. २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना कंबाइंड ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. कंबाइंड ब्रेक म्हणजे स्कूटरचा डावा लिव्हर दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढचंही धरलं जातं आणि गाडी न भरकटता थांबते. अशा घसरड्या वेळेसाठीच केलेली ही सोय. पण तो लिव्हर डाव्या हाताला, आणि माझा डावा हात तेव्हा छातीपाशी होता, मला घड्याळ दाखवत. राहिला उजवा, त्यानं नुसतं पुढचं चाक धरलं. रेतीवर नुसतं पुढचं चाक धरलं की काय होतं ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

गंमत म्हणजे त्या दिवशी माझा फोन डिकीत होता. हातात नव्हता, कानाला नव्हता, आपल्याकडे सर्रास दिसतो तसा हेल्मेट आणि गालाच्या मध्ये खोचलेलाही नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे मी अगदी शहाण्यासारखा गाडी चालवत होतो. ती समजूत नेमकी कुठं फसली ते शोधत बसलो, त्यातून हा लेख झाला.

अंगावर घालायच्या उपकरणांचं म्हणणं थोडक्यात असं : फोन खिशात राहू द्या, हात मोकळे ठेवा, काय आलंय ते आम्ही हळूच सांगू. घड्याळ मनगटावर थरथरून सांगणार, चष्मा काचेवर अक्षरं उमटवून, कानातले बड वाचून दाखवून. घरात, ऑफिसात, सकाळच्या फेरफटक्याला हे सगळं छान आहे. गाडीवर बसलो की मात्र एक घोटाळा होतो. फोन हातात धरून गाडी चालवू नये, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की हात गुंतला म्हणजेच धोका, अशी मनाची समजूत झाली आहे. हात मोकळा, म्हणजे संपलं.

रस्ता सुरक्षेवर काम करणारी मंडळी लक्ष उडण्याचे तीन प्रकार सांगतात. हात कामावरून उठतो, डोळे रस्त्यावरून उठतात, डोकं गाडीतून उठतं. तिन्ही वेगवेगळी होऊ शकतात. तिखट लागलेला हात पुसायला रुमाल शोधताना हात उठतो, डोळे रस्त्यावरच असतात. मोठ्या होर्डिंगवरचा चेहरा ओळखीचा वाटला की डोळे उठतात, हात जागेवर. आणि सकाळी बायकोशी झालेलं भांडण मनात पुन्हा रंगलं की हात आणि डोळे दोन्ही जागेवर असतात, आपण मात्र स्वयंपाकघरात. मेसेज वाचण्याची खासियत ही की तो तिन्ही एकदम उचलतो. घड्याळानं यातलं नक्की काय वाचवलं? खिशातून फोन काढण्याचे दोन-तीन सेकंद. बाकी सगळं तसंच. माझ्या बाबतीत तर हातही वाचला नाही.

ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट रिसर्च लॅबोरेटरीनं हे मोजून बघितलं. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणाऱ्या चालकाला अचानक उद्भवलेल्या प्रसंगाला प्रतिसाद द्यायला ०.९ सेकंद लागले. हातातल्या फोनशी खेळणाऱ्याला १.८५. आणि अ‍ॅपलच्या घड्याळावर मेसेज वाचणाऱ्याला २.५२. म्हणजे ज्याला आपण फोनपेक्षा सुरक्षित धरून चाललो होतो ते घड्याळ फोनच्याही पुढं गेलं.

सेकंदांचं असं आहे की ते ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून मी त्यांचे मीटर करून घेतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. या वेगाला ०.९ सेकंदात गाडी १० मीटर जाते, २.५२ सेकंदांत २८ मीटर. मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर ताशी १००नं चाललेली मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. तिथं हेच आकडे २५ मीटर आणि ७० मीटर होतात. मधला फरक ४५ मीटर, एकामागं एक चार एसटी उभ्या राहतील एवढा. आणि हे अंतर ब्रेकवर पाय पडण्याआधीचं आहे. गाडी थांबायला जे लागतं ते पुढं वेगळं.

घड्याळ फोनपेक्षा वाईट का ठरावं? माझ्या घड्याळाच्या पडद्यावर एका वेळी सात-आठ शब्द मावतात, अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं. मनगट वळवून, डोळ्यांच्या रेषेत आणून, स्थिर धरावं लागतं. स्कूटरवर खड्ड्याखड्ड्याला हात हलतो, मग पुन्हा तीच ओळ. त्यात पावसाचा थेंब पडद्यावर पडला तर घड्याळाला वाटतं बोट लागलं, ते भलतंच काहीतरी उघडतं आणि आपण ते बंद करत बसतो.

आणि माझी चाळिशी उलटली आहे. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं, लांबचं बघताना सपाट होतं. वयाबरोबर ते ताठर होत जातं, म्हणूनच तर आपण वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो, आणि या बदलाला वेळही लागायला लागतो. फुटाभरावरच्या घड्याळावरून पन्नास मीटरवरच्या टेम्पोवर नजर नेली की लगेच सगळं लख्ख दिसत नाही, पहिला क्षण धूसरच जातो. विशीतल्या पोराला हे कळणार नाही. माझ्या वयाचे मित्र कळूनही कबूल करणार नाहीत.

रस्त्यावरून नजर किती वेळ हटली तर चालेल, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी शंभर मोटारींत कॅमेरे बसवून लोकांना वर्षभर नेहमीसारखं चालवू दिलं. त्यातून निघालं की नजर दोन सेकंदांहून जास्त हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका निदान दुप्पट होतो. त्याच संस्थेनं २००९मध्ये ट्रकवाल्यांचे आकडे दिले : मेसेज टाइप करताना धोका २३ पट, आणि प्रसंग घडला त्याच्या आसपासच्या सहा सेकंदांतले ४.६ सेकंद नजर फोनवर. तिथल्या सरकारी महामार्ग सुरक्षा खात्यानं २०१३मध्ये मोटार कंपन्यांना मार्गदर्शक सूत्रं घालून दिली की डॅशबोर्डवरच्या पडद्यावरचं कुठलंही काम असं असावं, की एका नजरेत दोन सेकंदांपेक्षा जास्त आणि एकूण बारा सेकंदांपेक्षा जास्त बघावं लागू नये. ही सूत्रं गाडीत कंपनीनं बसवलेल्या पडद्यांसाठी. आपण स्वतःच्या हातावर बांधून आणलेल्या पडद्याला ती लागू नाहीत.

इथवरचं सगळं कुणालाही अंदाजानं सांगता येईल. मला खरा धक्का बसला तो पुढच्या भागात.

समजा, मी मेसेज बघितलाच नसता. घड्याळ थरथरलं, मी म्हणालो, राहू दे, घरी गेल्यावर बघू. मग तर काही बिघडत नाही ना? फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१५मध्ये नेमकं हेच तपासलं. माणसांना लक्ष एकवटून करायचं एक कंटाळवाणं काम दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. कुणी फोन उचलला नाही, वाचला नाही. तरी चुका वाढल्या, आणि जवळपास तेवढ्याच वाढल्या जेवढ्या फोन प्रत्यक्ष वापरताना वाढतात. कारण सरळ आहे. दारावर टकटक झाली की आपण दार उघडलं नाही तरी कोण असेल याचा विचार सुरू होतोच. आईचा असेल का? साहेबांचा? बँकेचा ओटीपी? मी तर आत्ता कुठं पैसे पाठवले नाहीत, मग ओटीपी कशाला?

फोन डिकीत असला की ही टकटक ऐकू येत नाही. घड्याळानं ती डिकीतून काढून थेट कातडीवर आणली. कानाला इंजिनचा आवाज आहे, डोळ्यांना रहदारी आहे, कातडी मात्र मोकळी असते, म्हणून तिथला धक्का सहसा चुकत नाही. बनवणाऱ्यांनी हे विचार करूनच केलंय आणि घड्याळ म्हणून ते उत्तम आहे. त्याचा हा गुणच गाडीवर अवगुण होतो. शहाणपणानं फोन डिकीत ठेवणारा मी, घड्याळ बांधून तो डिकीत नसल्यातच जमा करत होतो.

तुटलेलं लक्ष परत यायला किती वेळ लागतो, हा आणखी वेगळा प्रश्न. यूटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर यांनी याच विषयात वर्षानुवर्षं काम केलंय. गाडीला किंवा फोनला तोंडी हुकूम देऊन काम करवून घेणाऱ्या चालकांवर त्यांच्या गटानं प्रयोग केले. २०१५मध्ये निष्कर्ष आले : काम संपल्यावरही डोकं पूर्णपणे रस्त्यावर यायला, सगळ्यात वाईट यंत्रणेच्या बाबतीत, २७ सेकंदांपर्यंत लागतात. ताशी ४०च्या वेगाला २७ सेकंद म्हणजे ३०० मीटर. एका सिग्नलला मेसेज वाचून हिरव्या दिव्याला निघालेला माणूस पुढच्या सिग्नलपर्यंत अर्धा गैरहजर असू शकतो. ‘मी काय चालत्या गाडीत बघतो का, सिग्नलला बघतो’ असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

डोळे उघडे असून न दिसण्याचाही एक जुना प्रयोग आहे. १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना एक व्हिडिओ दाखवला, त्यात काही जण एकमेकांकडे बास्केटबॉल टाकत होते. पांढऱ्या कपड्यांतले किती वेळा चेंडू देतात ते मोजा, असं सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेशातलं एक माणूस चालत येऊन, घोळक्यातून पलीकडे निघून गेलं. साधारण निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. चेंडू मोजण्यात गुंतलेल्या मेंदूनं डोळ्यांनी आणलेलं चित्र बाजूला टाकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, त्यातलीच गत. अपघातानंतर ‘तो एकदम कुठून आला कळलंच नाही’ हे वाक्य आपण कितीदा ऐकतो. बहुतेक वेळा तो एकदम आलेला नसतो.

आता चष्म्याकडे वळू, कारण घड्याळाचा दोष चष्मा दूर करील असं बऱ्याच जणांना वाटतं. मान खाली घालायला नको, हात उचलायला नको, अक्षरं समोरच. गूगलचा ग्लास नावाचा चष्मा २०१३मध्ये अमेरिकेत निवडक लोकांना १,५०० डॉलरला मिळायला लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एका बाईंना वेगमर्यादा मोडल्याबद्दल पोलिसांनी अडवलं आणि चष्मा बघून दुसरीही पावती फाडली. तिथल्या कायद्यात चालकाला दिसेल असा चालू व्हिडिओ पडदा समोर ठेवायला मनाई आहे, त्याच कलमाखाली. जानेवारी २०१४मध्ये न्यायालयानं ती पावती रद्द केली, कारण चष्मा त्या वेळी चालू होता हे पोलिसांना सिद्ध करता आलं नाही. कसं करणार? समोरच्याच्या डोळ्यात काय चाललंय ते बाहेरून कुणाला दिसतं?

सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ आणि अमेरिकी हवाई दलाची प्रयोगशाळा यांनी २०१४मध्ये हाच चष्मा सिम्युलेटरमध्ये तपासला. चाळीस तरुण चालक. कुणी फोनवरून मेसेजला उत्तर देतंय, कुणी चष्म्यावरून, आणि पुढची गाडी अचानक ब्रेक मारते. चष्मेवाल्यांचा ब्रेक फोनवाल्यांपेक्षा लवकर लागला नाही. त्या प्रसंगातून सावरून नेहमीच्या चालवण्यावर मात्र ते लवकर आले. संशोधकांनी तोलून सांगितलं की चष्म्यानं त्रास थोडा कमी होतो, जात नाही. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो, कारण तो कुणाच्याच बाजूचा नाही. नजर समोर राहिली याचा काहीतरी फायदा झाला. पण समोर राहिलेली नजर अक्षरांवर होती, आणि मेंदू एका वेळी एकच गोष्ट नीट वाचतो.

तो चष्मा पुढं चालला नाही. पण कल्पना काही मेली नाही. कॅमेरा आणि स्पीकर असलेला मेटाचा रे-बॅन चष्मा मे २०२५मध्ये भारतात आला, आणि त्याच सप्टेंबरात उजव्या काचेत पडदा असलेला नवा प्रकार अमेरिकेत ७९९ डॉलरला जाहीर झाला. बाहेरून बघाल तर नेहमीचा गॉगल. नाक्यावरच्या हवालदाराला तो ओळखू येईल, असं मला तरी वाटत नाही.

कायद्याचं सगळं घोडं इथंच पेंड खातं. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये गाडी चालवताना ‘हातात धरायचं संपर्क साधन’ वापरणं हे धोकादायक चालवणं ठरवलं. पहिल्या गुन्ह्याला १ ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२०पासून नियमांत एक सवलत आली : असं साधन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाची एकाग्रता मोडणार नाही अशा रीतीनं. ‘एकाग्रता’ हा शब्द नियमात आला याचा मला आनंद आहे. पण तिची पावती फाडायची कशी?

आणि घड्याळ ‘हातात धरलेलं’ आहे का? मराठीत आपण ‘हातातलं घड्याळ’ म्हणतो, तेव्हा भाषेनं आपल्यापुरता निकाल देऊन टाकलाय. इंग्रजी कायद्याचा कीस काढणाऱ्या वकिलाला मात्र ते मान्य होणार नाही. हा कीस कॅनडातल्या एका न्यायालयानं काढलेला आहे. २०१८ साली ओंटारिओ प्रांतातल्या ग्वेल्फ गावात एक विद्यार्थिनी लाल सिग्नलला थांबली होती. शेजारच्या गाडीतल्या पोलिसाला तिच्या मनगटावर उजेड दिसला. दिवा हिरवा झाला, पुढच्या गाड्या निघाल्या, ही जागची हलली नाही. पोलिसानं तिच्यावर दिव्याचा झोत टाकला तेव्हा निघाली. तिचं म्हणणं, मी वेळ बघत होते. घड्याळात वेळ बघणं हा गुन्हा कसा? आणि ते हातात धरलेलं नाही, पट्ट्यानं बांधलेलं आहे. न्यायालयानं दोन्ही मुद्दे फेटाळले. लहान असलं तरी हे संदेश घेणारं-पाठवणारं साधन आहे, आणि मनगटावर चिकटपट्टीनं फोन बांधला असता तर जेवढं लक्ष विचलित झालं असतं तेवढंच यानंही होतं, असं न्यायालयानं म्हटलं. दंड ४०० डॉलर.

वेळ बघत होते, हे तिचं म्हणणं खरंही असेल. जुन्या काट्याच्या घड्याळात वेळ बघायला अर्धा सेकंद पुरतो. या घड्याळात वेळेबरोबर पावलं दिसतात, तापमान दिसतं आणि न वाचलेल्या मेसेजचा लाल ठिपका दिसतो. एवढा ठिपका दिसल्यावर नुसती वेळ बघून हात खाली घेणारा माणूस मला भेटायचाय.

आपल्याकडची आणखी एक चाल म्हणजे ब्लूटूथ कॉलिंगवाली स्वस्त घड्याळं. दीड-दोन हजारांत मिळतात, आणि फोन न काढता घड्याळावरूनच बोलता येतं, हे दुकानदार कौतुकानं सांगतो. त्यातला स्पीकर रहदारीत ऐकू येईल एवढा मोठा नसतो. मग एका हातानं हँडल आणि दुसरं मनगट कधी कानाशी, कधी तोंडाशी, अशी कसरत करणारे स्वार मी रोज बघतो. बोटं मोकळी असतात, हे खरं.

कानातल्या बडवर बोलणाऱ्यांचं वेगळं. हात आणि डोळे दोन्ही जागेवर, मग काय हरकत? १९९७ साली कॅनडातल्या टोरांटोच्या चालकांची फोन-बिलं आणि अपघात ताडून बघितले होते. कॉल चालू असताना अपघाताची शक्यता चौपट निघाली, आणि हातात न धरता बोलणारे काही जास्त सुरक्षित आढळले नाहीत. इथं लोक हमखास विचारतात, की मग शेजारच्याशी गप्पा मारल्यानं तसंच होत नाही का? नाही होत, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. समोर ट्रक आडवा आला की तो वाक्य अर्धवट सोडतो. घाटात गप्प होतो. प्रसंगी ‘अरे, बघ, बघ’ म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तुम्ही गप्प झालात तर तो म्हणतो, हॅलो, आवाज येतोय का?

या सगळ्यानं किती माणसं जातात? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. गाडी चालवताना मोबाइल वापरल्यामुळे झालेले मृत्यू त्याच अहवालात दोनेक टक्केच दिसतात. हा आकडा मी फार मनावर घेत नाही. पंचनाम्यात वेग लिहिता येतो, उलट दिशेनं आलेली गाडी लिहिता येते, दारूचा वास लिहिता येतो. पडलेल्या माणसाचं लक्ष दोन सेकंदांपूर्वी कुठं होतं, हे तो वाचला तरच कळतं, आणि वाचला तरी तो सांगेलच असं नाही. मीसुद्धा घरी ‘रेतीवरून घसरलो’ एवढंच सांगितलं होतं.

घड्याळाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी सूड उगवतोय असं वाटेल. २०२२पासून अ‍ॅपलच्या नव्या घड्याळांत आणि फोनमध्ये मोटारीचा मोठा अपघात ओळखून मदतीला फोन लावायची सोय आली. आघात किती जोराचा, वेग एकदम किती पडला, आवाज कसा झाला, हे सगळं ताडून घड्याळ ठरवतं आणि चालकानं ठरावीक वेळात ‘ठीक आहे’ म्हटलं नाही तर स्वतःच कळवतं. रात्री सुनसान रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्याला याचा केवढा आधार. सुरुवातीला अमेरिकेत मनोरंजन पार्कातल्या रोलर कोस्टरवर बसलेल्यांच्या फोननीही मदतीला कॉल लावले, ते सोडा. आपल्याला लागणारी गोष्ट ही, की ही सोय मोटारींसाठी रचलेली आहे, दुचाकीसाठी नाही. माझ्या साध्या घड्याळात तर असलं काही नव्हतंच. मी रस्त्यात पडलेलो असताना त्यानं हृदयाचे ठोके तेवढे मोजून ठेवले.

झोपेच्या बाबतीत मात्र घड्याळाकडून मला खरी आशा आहे. घड्याळाच्या पोटाशी तो हिरवा दिवा लुकलुकतो ना, त्याचा प्रकाश रक्तात शोषला जातो. ठोका पडला की मनगटात रक्त जास्त, परतणारा प्रकाश कमी, त्यावरून ठोके मोजले जातात. दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतंय यावरून माणूस पेंगायला लागल्याचा अंदाज बांधता येतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, जिथं तास तास रस्ता सरळ आणि समोर काही घडत नाही, तिथं पहाटे चारला मनगटावर जोराची टकटक झालेली बरीच. अडचण अशी की गाडीच्या हादऱ्यांत ही मोजणी बिघडते. युरोपनं मनगटाऐवजी गाडीवर भर दिला. तिथं पेंग ओळखणारी यंत्रणा जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. नजर भरकटली की इशारा देणारी यंत्रणा त्याच महिन्यापासून नव्या मॉडेलना, आणि जुलै २०२६पासून प्रत्येक नव्या मोटारीला. ताशी ५०च्या वर वेग असताना नजर सलग साडेतीन सेकंद रस्त्याबाहेर राहिली की गाडी ओरडणार. दुचाकीवाल्यावर नजर ठेवणारं असं कुणी नाही.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, ते काही मोठं नाही. आधी फोनच्या अ‍ॅपमध्ये जाऊन घड्याळावर येणारी सगळी नोटिफिकेशनं बंद केली, फक्त कॉल ठेवले. दोन दिवसांत कळलं की कॉलचीही टकटक तेवढीच. मग निघताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायला लागलो, ते दहातल्या चार वेळा विसरायचो. हात हलला की पडदा उजळतो ती सोय बंद केली, तेव्हा पुष्कळ फरक पडला, विशेषतः रात्री. शेवटी आता स्कूटरला किल्ली लावण्याआधी घड्याळ काढून डिकीत टाकतो, फोनच्या शेजारी. दोघं तिथं एकमेकांना काय थरथरायचं ते थरथरू देत.

राहिली आई. तिला सगळं समजावून सांगितलं : निघताना मी ‘निघालो’ म्हणून कळवीन, पोचल्यावर ‘पोचलो’ म्हणून, मधल्या पाऊण तासात काही पाठवायचं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मला कळणार कसं?” मुलीनं तोडगा काढला. माझ्या फोनचं लाइव्ह लोकेशन तिनं आजीच्या फोनवर लावून दिलं. आता आई संध्याकाळी सोफ्यावर बसून नकाशावरचा माझा ठिपका बघते. परवा घरी आलो, डिकी उघडली, तर तिचे तीन मिस्ड कॉल. काळजीनं वर धावत गेलो.

“काही नाही रे,” ती म्हणाली. “ठिपका कापूरबावडीला बराच वेळ थांबला होता.”